पिंपांचा वाद्यवृंद

लोखंडी पिंप ही काही कोणाच्या कौतुकाची वस्तू नव्हे. ते तेल भरून येते, तेल संपले की अंगणाच्या कोपऱ्यात गंजत पडते. फार तर कोणी त्यात पाणी साठवतो. परंतु अशाच टाकाऊ पिंपातून विसाव्या शतकाच्या मध्यास एक नवे वाद्य जन्माला आले. ज्या तरुणांनी ते घडवले, त्यांच्याकडेही लोक टाकाऊ म्हणूनच पाहत होते. त्या वाद्याची, त्या तरुणांची आणि त्यांना हाताशी धरणाऱ्या एका बँडमास्तरांची ही हकीकत आहे.

वेस्ट इंडीजच्या बेटांच्या रांगेत अगदी दक्षिण टोकाला त्रिनिदाद नावाचे बेट आहे. दक्षिण अमेरिकेचा किनारा तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ. १९६२ सालापर्यंत या बेटावर इंग्रजांचे राज्य होते. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी मळेवाल्यांनी प्रथम आफ्रिकेतून गुलाम आणले. पुढे गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा १८४५ पासून १९१७ पर्यंत हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. हे मजूर बहुतेक भोजपुरी मुलखातले. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते; पण त्यांच्याबरोबर ताशा मात्र समुद्र ओलांडून गेला. आजही तेथे लग्नाच्या वरातीत आणि मोहरमच्या मिरवणुकीत ताशे कडकडतात. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मुलाला तो आवाज ओळखायला क्षणभरही लागणार नाही.

आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे सारे जीवनच ढोलाशी बांधलेले होते. सुख असो, दुःख असो, देवाची आळवणी असो, ढोलावाचून त्यांचे पान हलत नसे. राज्यकर्त्यांना मात्र या ढोलांची धास्ती वाटे. ढोल वाजला की माणसे जमतात, आणि माणसे जमली की दंगा होतो, असा त्यांचा हिशेब होता. १८८१ साली कार्निव्हलच्या उत्सवात लोकांची व पोलिसांची मोठी चकमक उडाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने कायदा करून रस्त्यावर ढोल वाजवण्यास बंधने घातली.

ढोल गेले, पण ताल थोडाच जाणार! लोकांनी बांबू तोडले. कोणी लांब तुकडा घेतला, कोणी आखूड. जाड, लांब बांबू जमिनीवर आपटला की घुमारेदार आवाज निघे. लहान तुकडा खांद्यावर धरून काठीने बडवला की टणत्कार होई. अशा बांबूंचे ताफेच्या ताफे उत्सवात निघू लागले. जमिनीवर आपटून आपटून बांबू फुटत. मग वाजवणारा रस्त्यात सापडेल ती वस्तू उचली. कोणी बिस्किटांचा डबा घेई, कोणी रंगाचा, कोणी कचऱ्याच्या टोपलीचे झाकणच बडवी. १९३० नंतरच्या दशकात या पत्र्यांनी बांबूला मागे सारले. पत्र्याचा आवाज मोठा, आणि तो फुटतही नाही.

या पत्र्याच्या डब्यांतच एक रहस्य दडलेले होते. डबा बडवता बडवता त्याचा तळ पोचे. एक पोचा मोठा, दुसरा लहान. कोठे पत्रा आत गेलेला, तर कोठे वर आलेला. वाजवणाऱ्या पोरांच्या ध्यानात आले, की या पोच्यावर आघात केला तर एक स्वर येतो आणि त्या पोच्यावर केला तर दुसरा. हे प्रथम कोणाला उमगले, यावर त्रिनिदादमध्ये आजही वाद होतात, आणि प्रत्येक मोहल्ला आपल्याच माणसाचे नाव पुढे करतो. बहुधा ते एकाच वेळी पुष्कळांना उमगले असावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, कार्निव्हलवर बंदी होती. रस्ते शांत होते. पण घरांमागच्या परसांत हातोड्यांचे ठोके चालूच होते. मे १९४५ मध्ये युरोपातले युद्ध संपल्याची वार्ता आली आणि ही पोरे आपापले डबे घेऊन एकदम रस्त्यावर लोटली. तेव्हा लोकांना कळले, की डबे आता नुसता ठेका धरत नाहीत, चालही वाजवतात.

त्रिनिदादच्या भूमीत खनिज तेल सापडते. शिवाय युद्धकाळात तेथे अमेरिकेचे मोठे तळ होते. त्यामुळे तेलाच्या रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. सुमारे २०८ लिटर तेल मावणारे हे पिंप घ्यायचे, ते उपडे ठेवायचे आणि त्याचा तळ घणाने ठोकून ठोकून एखाद्या मोठ्या परातीसारखा खोलगट करायचा. हे काम एका दिवसाचे नव्हे. एक घाव वेडावाकडा बसला तर पत्रा फाटतो आणि सारे श्रम वाया जातात. आपल्याकडे तांबट हंडा मठारतो, तेव्हा त्याच्या हातात जी सावधगिरी असते, तीच येथे लागते. मग त्या खोलगट भागावर स्वरांच्या जागा आखायच्या. प्रत्येक जागेभोवती बोथट खिळ्याने ठोके देऊन बारीक चर पाडायचा, म्हणजे एका जागेचे कंपन शेजारच्या जागेत फारसे शिरत नाही. पुढे पिंप हवे तेवढे कापून आखूड करायचे, विस्तवावर तापवायचे आणि थंड झाल्यावर लहान हातोडीने एकेक जागा खालून वर, वरून खाली हलकेच ठोकत नेमक्या स्वरात आणायची. लहान जागेतून उंच स्वर निघतो, मोठ्या जागेतून खर्ज. तबलजी हातोडीने तबला स्वरात लावतो. येथे एकाच वाद्यावर तसे दहा-वीस तबले लावायचे असतात, असे म्हटले तरी चालेल. वाजवायच्या काठ्यांच्या टोकांना रबर गुंडाळलेले असते, म्हणून आवाज कर्कश न येता घंटेसारखा गोड येतो. या वाद्याला तेथील लोक नुसते ‘पॅन’ म्हणतात. बाहेरच्या जगात ते ‘स्टील पॅन’ या नावाने ओळखले जाते.

वाद्य गोड होते, पण वाजवणाऱ्यांची कीर्ती गोड नव्हती. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतून ही पथके उभी राहिली होती. युद्धपट पाहून त्यांनी आपल्या पथकांना ‘इन्व्हेडर्स’, ‘कासाब्लांका’, ‘टोकियो’ अशी नावे दिली होती, आणि नावाला साजेशी युद्धेही ती खेळत. एका वस्तीचे पथक दुसऱ्या वस्तीच्या पथकासमोर आले की काठ्या, दगड, बाटल्या यांचा वर्षाव होई. पोलीस पॅन फोडत, पोरांना तुरुंगात घालत. सभ्य घरांतील आईबाप आपल्या मुलांना पॅनला हातही लावू देत नसत. एखाद्या मुलाच्या हाती पॅनच्या काठ्या दिसल्या, तर त्याचे पाऊल वाकडे पडले असे शेजारीपाजारी समजत.

पण काही शहाण्या माणसांना यात वेगळेच काही दिसत होते. जी पोरे दिवसदिवस घण घालून एका पत्र्यातून स्वर काढतात, ती केवळ गुंड असतील कशी? १९४९ साली सरकारने या पथकांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. पाठोपाठ पथकांची एक संघटनाही उभी राहिली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये १९५१ साली एक मोठा राष्ट्रीय महोत्सव भरणार असल्याचे जाहीर झाले. १८५१ च्या लंडनमधील जगप्रसिद्ध प्रदर्शनाला तेव्हा शंभर वर्षे पुरी होणार होती. त्रिनिदादने आपले एक पॅन-पथक या महोत्सवास पाठवावे, असे ठरले.

पथक कोणाचे पाठवायचे? एकाचे पाठवले तर दुसरा चिडणार. म्हणून निरनिराळ्या पथकांतला एकेक उत्तम वादक निवडून सर्व मिळून एकच वृंद करावा, अशी योजना झाली. ‘त्रिनिदाद ऑल स्टील पर्कशन ऑर्केस्ट्रा’ असे त्याचे लांबलचक नाव. लोक त्याला आद्याक्षरांवरून ‘टॅस्पो’ म्हणू लागले. निवडलेल्यांपैकी बहुतेक विशीच्या आसपासचे होते. सर्वांत लहान थिओ स्टीफन्स हा अवघा सतरा वर्षांचा. एली मॅनेट, विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, अँथनी विल्यम्स, स्टर्लिंग बेटनकोर्ट ही नावे पुढे पॅनच्या इतिहासात अजरामर झाली. परंतु त्या वेळी ती गल्लीबोळांतल्या पोरांचीच नावे होती. एकमेकांच्या पथकांवर धावून जाणाऱ्या वस्त्यांतील ही मुले आता एका छताखाली बसणार होती.

त्यांना शिकवण्यासाठी लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ यांना बोलावण्यात आले. ग्रिफिथ हे मूळचे बार्बाडोस बेटावरचे. पोलीस बँडमध्ये त्यांची हयात गेली होती, आणि या सुमारास सेंट लुशिया बेटावरील पोलीस बँड त्यांच्या हाताखाली होता. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या पोलिसांच्या धाकाने ही पोरे पॅन बगलेत मारून पळत, त्याच पोलीस खात्याचा एक बँडमास्तर आता त्यांच्यापुढे उभा होता.

ग्रिफिथ यांनी प्रथम वाद्ये तपासली, आणि त्यांना अडचण कळून चुकली. प्रत्येक पथकाचा स्वर लावणारा कारागीर वेगळा. त्याला जे स्वर आवडले आणि जमले, तेवढेच त्याने पॅनवर बसवलेले. एकाचे पॅन दुसऱ्याशी जुळेना. कित्येक पॅनवर तर सप्तकातले काही स्वर मुळी नव्हतेच. संगीतात सा रे ग म प ध नी हे सात शुद्ध स्वर आणि त्यांच्या जोडीला चार कोमल व एक तीव्र, असे एकूण बारा स्वर असतात. पाश्चात्त्य संगीतातही एका सप्तकाच्या अशाच बारा पायऱ्या मानतात. यांतली एखादी पायरी गाळली, तरी ओळखीची चाल कशीबशी वाजवता येते. पण कोणतीही नवी रचना समोर ठेवली आणि ती वाजवा म्हटले, तर वादक अडखळतो. वेड्यावाकड्या जिन्यावरून घरचा माणूस सवयीने चढून जातो. परक्याचा पाय मात्र तेथे हटकून चुकतो.

ग्रिफिथ यांनी बाराही स्वरांचा आग्रह धरला. केवळ वरच्या पट्टीच्या पॅनवर नव्हे, तर मधल्या आणि खर्जाच्या पॅनवरही. मुले चकित झाली. उंच स्वरांच्या जागा लहान असतात, त्या पिंपावर मावतात. पण खर्जाच्या एकेका स्वराला वितीवितीची जागा लागते. एका पिंपावर असे तीन-चार स्वर बसले तरी पुष्कळ. सारे स्वर बसवायचे तर ते शक्यच नाही, असे मुलांचे म्हणणे पडले. त्यावर ग्रिफिथ यांचे उत्तर अगदी साधे होते, असे सांगतात: एका पिंपावर मावत नसतील तर दोन घ्यावीत, दोनांवर मावत नसतील तर तीन! तोवर एका माणसाला एक पिंप, ही गोष्ट सर्वांनी गृहीतच धरलेली होती. ती मोडता येते, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नव्हते. आता दोन-तीन पिंपांच्या मध्ये उभा राहून एकच वादक खर्ज सांभाळू लागला.

दुसरे काम याहून अवघड होते. ही मुले कानाने ऐकून वाजवीत. लिहिलेले संगीत वाचण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नव्हता. ग्रिफिथ यांनी पॅनवरील स्वरांच्या जागांना क्रमांक दिले, आणि मग हळूहळू त्या क्रमांकांवरून मुलांना स्वरलेखनाकडे नेले. कोणी कोणता स्वर केव्हा धरायचा, केव्हा थांबायचे, हे त्यांनी प्रत्येकाला नेमून दिले. रस्त्यावर ज्याचा आवाज मोठा तो शूर; येथे मात्र शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला लहान करावा लागे. ज्यांना कोणाचेच ऐकण्याची सवय नव्हती, त्यांना हे किती जड गेले असेल! हाती जेमतेम काही महिने होते. मास्तर शिस्तीचे कडक होते, सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. परंतु मुलांना एक गोष्ट जाणवत असली पाहिजे. आजवर ज्यांनी त्यांना दरडावले, त्यांनी पॅन वाजवू नका म्हणून दरडावले होते. हा माणूस पॅन चांगले वाजवा म्हणून दरडावीत होता.

प्रवासखर्चाचा प्रश्न सोपा नव्हता. त्यासाठी कार्यक्रम झाले, वर्गण्या गोळा झाल्या. ज्या लोकांनी कालपर्यंत नाके मुरडली होती, त्यांतल्या पुष्कळांनी आता हात सैल केला. ६ जुलै १९५१ रोजी ‘सान मातेओ’ या बोटीने टॅस्पो निघाले. वाटेत एक वादक आजारी पडला, आणि त्याला मार्टिनीक बेटावरून माघारी फिरावे लागले. उरलेले सारे फ्रान्समार्गे लंडनला पोहोचले.

२६ जुलैला थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, महोत्सवासाठी नव्यानेच बांधलेल्या भव्य संगीतगृहाच्या बाहेर, उघड्यावर त्यांनी आपली पिंपे मांडली. पिंपांवर गंजाचे डाग होते. जमलेले लोक ती पाहून हसू लागले. हे लोखंडाचे तुकडे कशाला आणले आहेत, हे त्यांना कळेना. स्टर्लिंग बेटनकोर्ट याला तो प्रसंग म्हातारपणीही आठवत असे. मग ग्रिफिथ यांनी हात वर केला, आणि वादन सुरू झाले. त्यात त्रिनिदादची कॅलिप्सो गीते होती, तसेच युरोपातील वाल्ट्झही होते. मघाचे हसू कोठल्या कोठे गेले! काही जणांना पिंपांतून असे स्वर निघतात यावर विश्वासच बसेना. वृत्तपत्रांनी कौतुक केले, बीबीसीने वादन प्रक्षेपित केले, इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, आणि पॅरिसकरांनीही हा वृंद ऐकला.

वर्ष सरता सरता मंडळी घरी परतली. बेटनकोर्ट मात्र लंडनमध्येच राहिला, आणि तेथे येऊन स्थायिक झालेल्या वेस्ट इंडियन लोकांत त्याने पॅन रुजवले. परतलेल्यांनी ग्रिफिथ यांच्याकडून जे उचलले होते, ते आपापल्या पथकांत नेले. बारा स्वरांचे पॅन आणि अनेक पिंपांचा खर्ज या गोष्टी लवकरच सर्वत्र दिसू लागल्या. भांडणे काही एका रात्रीत थांबली नाहीत. पुढे कित्येक वर्षे ती धुमसत होती. पण १९६३ साली पथकांची ‘पॅनोरमा’ ही स्पर्धा सुरू झाली, आणि पथकांना एकमेकांवर मात करण्याचे दुसरे मैदान मिळाले. पहिल्या दोन्ही वर्षी जिंकले ते अँथनी विल्यम्सचे ‘नॉर्थ स्टार्स’. विल्यम्सने पॅनवरील स्वरांची मांडणीही बदलली. त्याने षड्जाच्या एका बाजूला पंचम ठेवला आणि दुसऱ्या बाजूला मध्यम, व हाच क्रम पुढे सगळीकडे चालवला. षड्ज आणि पंचम यांचे नाते तानपुरा जुळवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. असे सलोख्याचे स्वर शेजारी आले, की एकाच्या कंपनाने दुसरा बिघडत नाही, उलट आवाजाला भरदारपणा येतो. आज या धर्तीची मांडणी पुष्कळ पॅनवर आढळते.

एली मॅनेट १९६७ साली अमेरिकेस गेला. ज्याच्या वस्तीतले पॅन पोलीस एके काळी फोडीत, तो तेथे पुढे वेस्ट व्हर्जिनियाच्या विद्यापीठात पॅन घडवण्याची कला शिकवू लागला. २०१८ साली तो वारला, तेव्हा त्याच्या हाताखालून गेलेले कारागीर ठिकठिकाणी पसरलेले होते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत व हायस्कुलांत आज पॅनची पथके आहेत. लंडनमधील शाळांत तर १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीसच पॅन शिरले होते. त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाने १९९२ साली पॅनला आपले राष्ट्रीय वाद्य ठरवले, आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा दिवस जागतिक पॅन दिन म्हणून जाहीर केला.

आता त्रिनिदादमध्ये शाळांच्या पथकांचीही स्पर्धा भरते. गणवेशातील मुले आणि मुली रांगेने आपापल्या पॅनपाशी उभ्या राहतात. पुढे उंच स्वरांची चकचकीत पॅने असतात, मागे खर्ज. खर्जाच्या वादकाभोवती आज तीन नव्हे, सहा आणि कधी कधी नऊही पूर्ण उंचीची पिंपे मांडलेली असतात. त्यांच्या मधोमध उभी असलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी उजवीकडे वळते, डावीकडे वळते, गर्रकन मागे फिरते, आणि नेमका स्वर नेमक्या वेळी वाजवून पुन्हा समोर पाहते; तेथे तिचे मास्तर हात वर करून उभे असतात.